मोटरी कोणी भरल्या

३ जून, सोमवार

"अनुभव — नाही." असं लिहिलंय पोरीने! नोकरीच्या अर्जात! मी म्हटलं, डोळे फुटले का तुझे? शाळेत होतीस तेव्हापासून बापाच्या दुकानात मोटरी भरतेस. जळलेली मोटर उघडायची, करपलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार एकेका खाचेत बसवायची — तो काय खेळ होता? तर म्हणते, "आई, ते घरचं काम. सर म्हणाले, कंपनीवाले धरत नाहीत."

तुझे सर आले होते का दुकानात, तारांवर ओततात त्या वार्निशचा वास घ्यायला? इंजिनिअर झाली आणि अक्कल कॉलेजातच ठेवून आली. रागाने कप आपटला. कान तुटला. तुटू दे.

८ जून, शनिवार

लिहिलं बाई एकदाचं. आधी अडलं कुठे, तर दुकानाच्या नावावर. नाव! पाटीवर 'मोटर' एवढंच दिसतं, बाकीचं उन्हाने खाल्लं. थोरला मुलगा म्हणाला, "लिही ना, बाबांचं दुकान, आंतरराष्ट्रीय." सगळे हसलो. हेसुद्धा हसले.

मग तिने नीट लिहिलं. नुसतं 'काम केलं' नाही. कुठल्या मोटरी, कशाने जळल्या, परत जळू नये म्हणून काय केलं. मला वाचून दाखवलं. चौथीत शाळा सुटली माझी, निम्मं कळलं नाही. पण ऊर भरून आला. तोंडाने म्हटलं — एवढं लांबण कशाला?

१४ जून, शुक्रवार

मुलाखत झाली! पंप बनवणारी कंपनी. "आई, अर्धा वेळ दुकानाबद्दलच विचारत होते गं!" बर्फाच्या कारखान्यातली मोटर दर उन्हाळ्यात का जळायची आणि हिने ते जळणं कसं थांबवलं, सगळं सांगितलं. तिथली साहेबीण म्हणाली, आम्हाला हेच हवंय, फक्त दोन गिऱ्हाइकांचे नंबर द्या, विचारून घेतो. हिने बर्फवाल्याचा दिला आणि बेकरीवाल्याचा. दोघांच्या मोटरी हिच्याच हातच्या.

दारातच मला उचललं! एवढी मी जाडजूड! ओरडले तिच्यावर. उगाच ओरडले.

१७ जून, सोमवार

फोन नाही. भांडी घासतानाही मोबाईल समोर ठेवते.

१९ जून, बुधवार

आला फोन. साहेबीण चढ्या आवाजात बोलली नाही म्हणे. शांतपणे म्हणाली — "आम्ही दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले, मोटरी तिचा भाऊ भरतो. मुलगी चहा आणून देते. तुम्ही खोटं सांगायला नको होतं."

पोरगी म्हणाली "बरं", आणि फोन ठेवला. बरं!! मी म्हटलं, बोलली का नाहीस? तर म्हणते, "काय बोलू आई? त्यांनी जे बघितलं ते सांगितलं."

थोरला टेम्पोतून मोटरी पोचवतो, बास. कुठल्या मोटरीला कुठली तार, हे त्याला विचारा. आभाळाकडे बघेल.

जेवली नाही. हात धूत बसली. कधीची धुतेय. मी नळ बंद केला.

२० जून, गुरुवार

संध्याकाळी दुकानात जाऊन ह्यांना धरलं. मी दिवसभर दवाखान्याच्या चादरी धुते, दुकानात काय बोलणं होतं मला काय ठाऊक! आणि हे कसे सांगतात, तर अगदी सहज — "गिऱ्हाईक आलं की तिला आत पाठवायचो. पोरीने भरली म्हटलं तर कोण मोटर ठेवून जाईल? मुलगा भरतो म्हणायचो. दुकान चाललं ना? त्यावरच शिकली ना ती?"

म्हटलं, आत्ता बर्फवाल्याला फोन लावा. खरं काय ते सांगा.

"म्हणजे इतकी वर्षं फसवलं म्हणून सांगू? उद्या बाजार तोंडावर थुंकेल माझ्या."

ह्यांना ह्यांच्या तोंडाची पडलीय. पोरीचं तोंड बघितलंय का कोणी?

आणि ती आतच होती, मोटर भरत. सगळं ऐकत होती. हात चालूच होते तिचे.

२२ जून, शनिवार

आज मला सुट्टी, दुकानात बसले होते. बेकरीवाला मोटर न्यायला आला. थोरल्याच्या पाठीवर थाप — "जादू आहे रे तुझ्या हातात!" थोरला चपलेने जमीन उकरत उभा. पोरगी आतून चहा घेऊन आली. सवयीने. तिला पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भाऊ, ही मोटर हिने भरलीय. मागचीही हिनेच. सगळ्याच.

तो हसला! "वहिनी, लेकीचं कौतुक असावंच हो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता तरी बोला! हे पण हसले.

पोरीने रिकामा कप उचलला आणि आत गेली. मी मागे गेले. पाठ वळवून उभी. खांद्याला हात लावला तर म्हणाली, "आई, परत कोणाला सांगू नकोस. कोणी खरं मानत नाही, आणि मग मलाच वाटतं, मी खरंच भरल्या का." तिच्या हातातला कप काढून घेतला आणि मीच विसळला.

२६ जून, बुधवार

कंपनीचा फोन, दुकानाच्या नंबरवर. पोरीसाठी नाही. "मोटरी भरतो त्या भावाला पाठवा, परवा शुक्रवारी. शिक्षण कमी असलं तरी चालेल." हे 'हो' म्हणून मोकळेही झाले!

दुकानात जाऊन बघते तर पोरगी थोरल्याला शिकवतेय. काय विचारतील, काय सांगायचं. "दादा, तार अशी धर. घाबरल्यासारखी नको, कळतं त्यांना." मी ओरडले तर वर न बघता म्हणाली, "एकाला तरी मिळू दे ना, आई."

थोरल्याला बाहेर बोलावून सांगितलं. उद्या गुरुवार. दिवेलागणीपर्यंत मला उत्तर पाहिजे — शुक्रवारी त्या साहेबिणीसमोर नाव कोणाचं घेणार? तुझं की तिचं?