जागा बदलायची तयारी

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (उभ्यानेच घालतो आहे, कंबर धरली आहे). तुझा खोकला कसा आहे? वहिनींच्या गुडघ्याला तेलाने काही फरक? इकडे सर्व क्षेम. कारखाना बंद होऊन अकरा महिने झाले, बाकी ठीक.

तुझं पत्र मिळालं. तुमच्याकडे कामं पडून आहेत आणि माणूस मिळत नाही, आमच्याकडे माणसं पडून आहेत आणि काम मिळत नाही, तेव्हा मी मुकाट्याने तिकडे यावं, असं तू लिहितोस. सरकारचंही तेच म्हणणं. त्याचं झालं असं, की गेल्या महिन्यात मी रोजगार कचेरीत गेलो होतो. (लेथवरचे आम्ही सगळेच जातो, पूर्वी पाळीला जायचो तसे, डबा घेऊन.) तीन तास उन्हातल्या बाकावर बसलो. एक बाई वही घेऊन रांगेतून फिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, जागा बदलायची तयारी आहे का? मी म्हटलं, आनंदाने, आणि उठून पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसलो. बाई फार मायाळू वाटल्या.

परवा कागद आला. मी स्थलांतरास राजी असल्यामुळे तुमच्या शहरातल्या एका गोदामात खोकी मोजायचं काम माझ्यासाठी ठेवलं आहे. गाडीभाडं आणि पंधरा दिवस राहण्याची सोय मिळेल, न गेल्यास यादीतून नाव कमी. म्हणजे बघ, मी गेलो तरी गावातली बेकारी एकाने कमी, नाही गेलो तरी एकाने कमी. हे डोकं मला असतं तर मी साहेब झालो असतो.

मी येणार नाही. बावीस वर्षं या हातांनी लेथवर लोखंडी दांडे कातले, केसाइतका फरक पडू दिला नाही, ते खोकी मोजायला? आणि दर वेळी माणसानेच का हलायचं? एखाद्या कारखान्याला विचारा की तयारी आहे का म्हणून. मी हेच कचेरीत दोन प्रतींत लिहून दिलं: मी जात नाही, कारखाना इकडे पाठवा. साहेबांनी शिक्का मारून पोच दिली आहे. वाट बघतो आहे.

तुझा न हलणारा
धाकटा

ता. क. हिनेही त्या दिवशी नाव घातलं होतं आणि हिला प्रश्न बरोबर कळला होता. तिकडच्या शिवणाच्या कारखान्यात हिला काम मिळालं आहे, सोमवारी येते. पंधरा दिवसांनंतर तुमच्याकडेच राहील. मला विचारलं नाही, सांगितलं. मी खूप भांडलो. सध्या तिची बॅग भरतो आहे.

पुन्हा ता. क. दादा, लग्नाला सोळा वर्षं झाली, आम्ही एक दिवस वेगळे राहिलेलो नाही. त्या गोदामात माणूस घेतला का, एवढं हळूच विचारून ये. माझं नाव मात्र सांगू नकोस, मी लेखी नकार दिलेला आहे.