कोरडं माप

मंगळवार, संध्याकाळ. माझगाव.

उद्या सकाळी जुन्या गाड्या जमवणारे ते गृहस्थ येणार. नव्या इमारतीत पार्किंग एकच मिळतंय, म्हणून बाबांच्या दोन स्वीडिश गाड्यांपैकी एक त्यांना द्यायची. साठच्या दशकातली गोल पाठीची, की ऐंशीतली लांब नाकाची? ते बघून ठरवणार.

बाबा फोनवर त्यांना बजावत होते, "नवी चुका पोटात घालते, जुनी नाही. तिला जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. विसरलात की इंजिन जाम!"

आणि आज त्यांनीच जुनीत पेट्रोल ओतलं. नंतर मी गॅरेजमध्ये गेले, तर ऑइलचं माप कोरडं ठाक.

"बाबा, ऑइल घातलंत ना?"

"घातलं ना गं." मग स्वतःशीच, "घातलं असेल."

असेल? डब्यातूनच अंदाजाने ओतलं का? पण हा माणूस चहात साखरसुद्धा मोजून घालतो. मी मापात बोट फिरवून बघितलं. कोरडंच होतं. परवा गॅसही... जाऊ दे.

कालपर्यंत वाटत होतं, त्यांनी नवी न्यावी, बाबांची लाडकी घरात राहावी. आता वाटतंय, जुनीच जाऊ दे.

सकाळी बाबा आंघोळीला गेले की मी गुपचूप टाकीत ऑइल घालणार. त्यांनी आधीच घातलं असेल, तर ते दुप्पट होईल आणि गाडी गिऱ्हाइकासमोर धुराचे लोट सोडेल. सौदा मोडला तर मोडला.

देवा, उद्या सगळी गल्ली धुराने भरू दे.