सगळा महाल झोपला तेव्हा

माय, काल उधन्याच्या सभेत माझं भाषण अर्ध्यावर थांबलं. आवाज गेला नव्हता, माईकही बंद पडला नव्हता. ते भाषण तुला ठाऊक आहे, झोपलेल्या राजकन्येचं. पुढच्या रविवारी बारडोलीच्या कॉलेजात मुलींपुढे तेच करायचं आहे, मी होकार देऊन बसले आहे, आणि आज सकाळपासून कळत नाही की ते मला पुन्हा करता येईल का. हे विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, पण त्याचं आता काय घेऊन बसायचं.

तो कार्टूनचा सिनेमा आपण पहिल्यांदा घरमालकाकडे पाहिला. भाड्याने आणलेला व्हिडिओ, रविवारची दुपार, चाळीतल्या सगळ्या बायका फरशीवर बसलेल्या. बोलणं सगळं इंग्रजी. गोष्ट वाचलेली मी एकटीच, म्हणून मी सांगत होते. राजकन्या जिना चढून वर जाते, तिथे चरखा असतो, चातीवर तिचं बोट टोचतं आणि तिला गाढ झोप लागते. बायका हसत सुटल्या. त्यातल्या निम्म्या तुझ्यासारख्या लूमच्या कारखान्यात बॉबीन भरणाऱ्या, सोललेली बोटं घेऊनच तिथे बसलेल्या. तू म्हणालीस, "चातीवर बोट टोचनं आन जप लागनी? आमनी तं उडी जास." आपल्या अहिराणीत झोपेला जप म्हणतात, हे मला तेव्हा सांगावं लागत नव्हतं. हल्ली सभेत सांगावं लागतं, पोरं आता घरातही गुजराती बोलतात.

मग पडद्यावर सगळा महाल झोपतो. तू मेथी निवडते आहेस. "सैपाकीन बी जपनी?" तू विचारतेस. मी म्हणते, हो, सैपाकीण, पहारेकरी, कुत्रं, चुलीतला जाळसुद्धा. "आन कोनी उठाडस नही?" कुणीच नाही, शंभर वर्षं. तुझा हात मेथीच्या जुडीवर थांबला. तुझा हात थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. राजपुत्र घोड्यावर बसला तशी तू परात उचलून उठलीस. "शेवट तर बघ," मी म्हटलं. "काय देखानं त्यामां? आते समदा उठतीन आन चहा मांगतीन." पुढे तो सिनेमा हिंदीत टीव्हीवर आला, मग नातवंडांच्या मोबाईलवर आला, आणि दर वेळी तू तेवढाच पाहिलास. महाल झोपेपर्यंत. राजपुत्र तिला जागं करतो ते तू शेवटपर्यंत पाहिलं नव्हतंस.

मी मात्र त्या राजपुत्रावर भाषणं देत आयुष्य काढलं. पोरींनो, तुम्हाला जागं करायला कुणी घोड्यावरून येणार नाही, आणि आला तर त्याला आधी विचारा, तुला बोलावलं कुणी. या वाक्यावर टाळ्या ठरलेल्या. वाक्य खोटं नाही, आजही मी ते कुणाच्याही तोंडावर म्हणेन. हा सिनेमा इतकी वर्षं का टिकला यावर मी मिळेल ते वाचलं. कुणी चित्रांचं श्रेय सांगतं, कुणी गाण्यांचं, कुणी म्हणतं बायकांना गप्प पडलेली बाई दाखवायला जगाला आवडतं. मी तिसऱ्या बाजूने कडाकडा भांडले. त्या सैपाकिणीबद्दल एक ओळही लिहिलेली कुठे सापडली नाही, आणि मीही ती शोधत नव्हते.

तुला एकदा मंडळात घेऊन गेले होते, मास्तर आणि बँकवाल्या मराठी मंडळींच्या. भाषणानंतर अध्यक्षांच्या पत्नी तुझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, जपा हं स्वतःला." रिक्षात तू खूश होतीस. "त्या बाईनी माले सांगं, जपा. सासरी, माहेरी, कारखान्यामां कोनीच असं बोलनं नही." मी हसून समजावलं की माय, त्यांच्या बोलीत जपा म्हणजे झोपा नव्हे, काळजी घ्या. तू बाहेर बघत म्हणालीस, "मंग येगळं काय शे?" मी तो किस्सा पुढे कितीतरी घरांत विनोद म्हणून सांगितला. लोक हसायचे. मीही हसायचे.

कालच्या सभेत साड्यांवर खडे लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायका होत्या, काही पलसाण्याच्या मिलमधून पाळी संपवून थेट आलेल्या. मी रंगात आले होते. "झोपू नका, झोपलात तर तुमचं आयुष्य दुसराच कुणीतरी जगून जाईल," असं टेबलावर हात आपटून म्हणत होते. आणि पहिल्याच रांगेत एक बाई मान खाली टाकून झोपलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेजारणीने तिला कोपर मारलं. "ओ बेन, ऊठ ना, ताई तुलाच बोलून राहिल्या." सगळं सभागृह हसलं. एरवी अशा वेळी माझ्याकडे एक टोमणा तयार असतो. काल माईकवर माझ्या तोंडून निघालं, "जपू द्या तिले." सभेत अहिराणी मी कधीच बोललेली नाही. हसणं थांबलं. मग मागून कुणीतरी, थट्टेतच, पण अगदी थट्टेत नव्हे, विचारलं, "आन आमले, ताई?"

संयोजक बाई पाण्याचा ग्लास पुढे करून हळूच म्हणाल्या, "ताई, पुढचा मुद्दा?" पुढचा मुद्दा राजपुत्राचा होता. मी खाली बसले.

बारडोलीला मी जाईन, माय. त्या मुली विशीतल्या आहेत, त्यांना जागं करायलाच हवं, यात मी तसूभर मागे हटलेली नाही. पण आता सुरुवात सैपाकिणीपासून करावी लागेल, आणि तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही. जी सगळ्यांच्या आधी उठते तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, ऊठ म्हणून. त्यासाठी आज दुपारी जेवणानंतर तो सिनेमा मोबाईलवर लावला. हातात पेन, समोर कागद, डोळ्यांवर चष्मा. चाती आली, बोट टोचलं, महालातले दिवे एकेक करून विझत गेले.

जाग आली तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. मोबाईलची बॅटरी संपलेली, कागद कोरा. कुणी उठवलं नव्हतं. हे पत्र त्याच कागदावर लिहिते आहे, आणि ते भाषणाच्या फाइलमध्येच राहील. तुला एवढंच सांगायचं होतं. शेवट मीही पाहिला नाही. मी जपनू.