काटा हिरव्यातच आहे

२९ मार्च, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण लिहायला वेळच मिळत नव्हता. आता हातात मोठं काम आहे, तेव्हा नोंदी ठेवलेल्या बऱ्या.

काम असं. कुंदाचा (पत्नी) २५ एप्रिलला शाळेत निरोप समारंभ आहे. पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. चौदा वर्षं तिने तिथे शिकवलं. रोज भोरहून एसटी, नसरापूरला दुसरी एसटी, संध्याकाळी तेच उलट. या चौदा वर्षांत मी तिला एकदाही सोडायला गेलेलो नाही, कारण जीप तयार नव्हती. २५ला जीपमधून नेणार. थेट शाळेच्या दारात. तसा शब्दच देऊन टाकला. ती बरं म्हणाली. चेहऱ्यावर आनंद असावा. ती पोळ्या लाटत होती, मला पाठ दिसली.

संकल्प : रोज पहाटे चालणे. उद्यापासून.

३१ मार्च
चालणे झाले नाही. जीप.

बॉडी जुन्या जीपची, इंजिन एका पिकअपचं, रेडिएटर एका टेम्पोचा. मी याला कस्टम इंजिन म्हणतो. सारोळ्याचा मेकॅनिक हनुमंत याला खिचडी म्हणतो. हात चांगला आहे त्याचा, शिक्षण नाही.

आजचा प्रश्न : कूलंटचा टेम्परेचर सेन्सर कुठे बसवायचा? रस्त्यावरचा कोणीही म्हणेल की इंजिनाच्या हेडवर, जिथून तापलेलं पाणी बाहेर पडून रेडिएटरकडे जातं. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी असं लगेच म्हणत नाही. दोन वह्या आणल्या. आकृती काढायला घेतली.

३ एप्रिल. रात्री
आकृती अर्धी झाली तोवर हनुमंतने सेन्सर हेडवर बसवूनही टाकला. सर, हितनंच गरम पानी भायेर पडतंय, हितंच खरं कळतंय, असं म्हणाला.

भाटघरपर्यंत ट्रायल. सपाट रस्ता. धरण दिसायच्या आत काटा लाल पट्ट्यात. थांबलो. हनुमंत म्हणाला, रेडिएटर लई बारकाय, ह्या इंजिनाला पुरंना, मोठा टाकूया. मी त्याला शांतपणे समजावलं की इंजिन ठीक आहे, सेन्सर हळवा आहे. काही मुलं नाही का, छडी दाखवली तरी रडतात.

५ एप्रिल
मोठं यश! सेन्सर काढला, पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात वेढे दिले आणि तिथेच परत लावला. भाटघरला जाऊन आलो. काटा जागचा हलला नाही. इंजिन बर्फ.

मीटरचा फोटो वरदला पाठवला. (मुलगा. पुण्यात नोकरी.) गाडी चालू होती का, असं त्याने विचारलं. हल्लीची मुलं वडिलांचं कौतुक असंच करतात.

चालणे : उद्या.

७ एप्रिल
हनुमंतने टेप सोलून काढली. त्याच्या मते टेपमुळे सेन्सरला अर्थिंगच मिळत नव्हतं, म्हणून काटा मेला होता. टेप निघाल्यावर पाच मिनिटांत पुन्हा लाल. अर्थिंग आठवीच्या पुस्तकात आहे. मी ते त्याच्याआधी ओळखलं होतं, फक्त बोललो नाही.

घरी आल्यावर कुंदाला सगळं सांगितलं. माझा नवा सिद्धांतही सांगितला : हेडजवळचं पाणी गरम असणारच, ते मोजून नवीन काय कळणार? रेडिएटरमधून थंड होऊन खालच्या पाइपने इंजिनात परत जाणारं पाणी मोजायला हवं. इंजिनाला आपण काय पाजतो हे महत्त्वाचं. कुंदा म्हणाली, ताप बघायचा तर आपण थर्मामीटर जिभेखाली धरतो, पायाच्या अंगठ्याला नाही. तिने चौदा वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं आहे. परिणाम होतोच.

१० एप्रिल
सेन्सर खालच्या पाइपला बसवला. हेडवरच्या भोकाला बोल्ट मारून बंद केलं. हनुमंत कामाला हात लावेना. तितं लावलं तर मीटर खूश हुईल, पर इंजिन मरंल सर, असं म्हणत राहिला. शेवटी पाना मीच फिरवला. बोट चेमटलं.

ट्रायल. अडुसष्ट डिग्री! काटा हिरव्या पट्ट्याच्या बरोब्बर मध्ये. मोठ्या रेडिएटरची गरजच उरली नाही. नुसती जागा बदलून इंजिन बरं झालं. हे लोकांपर्यंत पोहोचवायला हवं.

१४ एप्रिल
निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. अकरा भाग. सातव्या भागानंतर दोघे ग्रुप सोडून गेले. विषय अवघड आहे.

वरदचा फोन. आईसाठी २५ला कार पाठवतो म्हणाला. नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बाबा, निदान तिला विचारा. विचारलं. ती म्हणाली, वेळेवर पोचवणारं काहीही चालेल. म्हणजे जीप.

१८ एप्रिल
हनुमंतचा फोन. मोठा रेडिएटर मिळालाय, गाडी आणा, एका दिवसात चढवून देतो म्हणाला. आभार मानले, नको म्हटलं. काटा हिरव्यात असताना रेडिएटर बदलणं म्हणजे ताप नसताना इंजेक्शन घेणं. हे वाक्य चांगलं जमलंय. ग्रुपवर टाकलं.

आज उकाडा फार. इंजिनातून थोडी वाफ आली. उकाड्यामुळेच असणार.

कुंदा ब्लाउज शिवून घेऊन आली. मोरपंखी साडी काढून ठेवली आहे. पालीच्या रत्नाताईंशी (शाळेत खिचडी शिजवतात) फोनवर खूप वेळ बोलत होती. मुलांनी गाणं बसवलंय म्हणे. फोन ठेवल्यावर डोळे पुसले. मला वाईट वाटलं. म्हणून तिला सेन्सरची आकृती दाखवली.

२४ एप्रिल
जीप धुतली. हार घातला. उद्या साडेआठला निघणे. कार्यक्रम अकराला. दीड तासाचा रस्ता, म्हणजे एक तास हातात. मी असं नियोजन शाळेत एकट्याने करायचो.

चालणे : समारंभानंतर नियमित.

२५ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.१५
निघताना पाऊण तास उशीर. मीटरची काच पुसत होतो. गावाने ती स्वच्छ पाहावी.

१०.३०. मार्गासनीच्या पुढचा चढ
गाडी थांबली आहे. कारण तपासत आहे.

घडलं ते क्रमाने लिहितो. नसरापूरपर्यंत उत्तम, सहासष्ट. चढ लागल्यावर कुंदा म्हणाली, काहीतरी गोड वास येतोय, गूळ उकळल्यासारखा. मी म्हटलं, जवळ गुऱ्हाळ असेल. ती म्हणाली, इथे सगळी भातखाचरं आहेत, ऊस कुठाय? मी तिला मीटर दाखवला. काटा पासष्टवरून पन्नास, पन्नासवरून चाळीस असा उतरत होता! भर उन्हात, भर चढावर इंजिन गार होत होतं. मला भरून आलं. बघ, म्हटलं, सेन्सर कुठे लावावा ते बघ. तेवढ्यात इंजिन कर्र करून थांबलं आणि बॉनेटमधून इतकी वाफ आली की समोरचा हार दिसेना.

काटा अजूनही हिरव्यातच आहे.

१०.५५
पालीकडे जाणारा एक पिकअप थांबला. ड्रायव्हर बाईंना ओळखत होता. बसा म्हणाला. मी त्याला गरज नाही, आत्ता चालू होते म्हणून पुढे घालवला. कुंदाने माझ्याकडे पाहिलं. 

रत्नाताईंचा फोन आला. बाई, कुठं हाय तुमी, पोरं फुलं घिऊन कवाची हुबी हायती, असं विचारत होत्या. कुंदाने सांगितलं, जवळच आहोत.

११.१५
एसटी आली. कुंदाने हात केला. ड्रायव्हर म्हणाला, चला बाई, आज उशीर? ती पायरीवर चढली, वळून मला म्हणाली की गाडी राहू दे, तुम्ही चला. दोनदा म्हणाली. पण बिघाड ताजा असतानाच बघायला हवा, नंतर पुरावा उरत नाही. तू हो पुढे, म्हटलं, पंधरा मिनिटांत आलोच. कंडक्टरने बेल मारली.

दुपारी ३.४०
चालू होत नाही. ऊन फार आहे. डबा कुंदाच्या पिशवीत गेला.

२६ एप्रिल
हनुमंतने जीप ओढून सारोळ्याला नेली. बॉनेट उघडून एकेक पाइप चाचपला. मग सांगितलं. पाणी उकळून वरचा पाइप फाटला, होतं नव्हतं तेवढं पाणी रस्त्यावर गेलं (गोड वास त्यातल्या कूलंटचा). सेन्सर रिकाम्या पाइपात नुसती हवा मोजत बसला. हवा गार, म्हणून काटा खाली. हेड फुटलंय. सर, मीटरनं काय केलं न्हाई, तुमी त्याला जितं हुबं केलं तितलंच त्यानं सांगितलं, असं म्हणाला.

 

२८ एप्रिल
परवापासून कुंदा नेहमीसारखीच बोलते. जेवायला वाढते. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आज तिने विचारलं, फोटो बघायचेत का. बघितले. शाल, नारळ, मुलांचं गाणं, मोरपंखी साडी. रत्नाताई रडताहेत. सगळ्या फोटोंत व्यासपीठावर तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. पाठीला कागद चिकटवलाय, खडूने रंगवलेला, बाजूने फुलं काढलेली : बाईंचे सर.

कोणी ती बाजूला का नाही केली, असं विचारलं. कुंदा म्हणाली, कार्यक्रम संपेपर्यंत दोनदा उचलायला आले होते. मीच सांगितलं, राहू द्या, पंधरा मिनिटांत येताहेत.