पलीकडच्या पेठेच्या पोरी

४ जाने., रवि.
फुटबॉलचे बूट धुऊन माळ्यावर टाकले. आपल्या पेठेच्या तालमीच्या टीमकडनं सहा वर्षं, मग गोव्याच्या क्लबात नऊ. गुडघा म्हणतोय, बास. वाटलं होतं रडायला येईल, पण भूकच लागली. मिसळीवर दोनदा कट मागून घेतला.

७ जाने.
कोचिंगचा कोर्स पास! आणि पहिलं बोलावणं कुणाचं? पलीकडच्या पेठेचं. तेरा वर्षांखालच्या पोरींची टीम. ज्यांनी माझी नडगी फोडली, त्यांच्याच पोरींना शिकवायचं. व्हय म्हणून बसलोय. आबांना कसं सांगायचं? चाळीस वर्षांत तालमीची मॅच चुकवलेली न्हाय माझ्या म्हाताऱ्या बापानं. माझ्या लग्नातनं उठून गेलते.

९ जाने.
सांगितलं. आबांनी भाकरी संपवली, हात धुतला, मग म्हणाले, "त्यांच्या मैदानात पाय ठेवलास तर माझ्याशी बोलायचं न्हाय." बायको म्हणते, मटण होतं म्हणून ताट सरकवलं न्हाय.

१५ जाने.
आज पहिला दिवस. सोळा पोरी. कॅप्टन सानिका, बारा वर्षांची. "सर, तुमी त्या पेठेतले न्हवं? मग आमाला मुद्दाम चुकीचं शिकिवणार न्हाई कशावरनं?" आयला, पोरगी हाय का वकील! म्हटलं, खेळल्यावर कळंल.
घरी आबा पेपरशी बोलतात, मांजराशी बोलतात. माझ्याशी न्हाय.

१ फेब्रु., रवि.
लाज गेली. पहिलीच मॅच, ती पण आपल्याच पेठेच्या पोरींशी. त्यांच्या नऊ नंबरनं लांबनं मारला, बॉल जाळ्यात. आणि मी? दोन्ही हात वर करून उडी मारली, "गोऽऽल!" लहानपणापासनंची सवय, दुसरं काय! खाली आलो तर माझ्या सगळ्या पोरी माझ्याकडं बघतायत. समोरच्या स्टँडात एकच माणूस पोट धरून हसत होता. आबा.
हाफटाइमला सानिका म्हणाली, "सर, आता आमच्या गोलला बी एवढीच उडी मारायची. कमी मारली तर बघा."
पोरींनी दोन मारले. मी दोन उड्या. जिंकलो २-१! नाद खुळा!

२ फेब्रु.
गुडघा सुजून भोपळा. आबांनी हळदीचा लेप आणून उशाशी ठेवला. बोलले न्हाईत.

४ फेब्रु.
सकाळी सराव. मैदानाच्या कडेला आबांची सायकल! पलीकडच्या पेठेत! आत पाय ठेवला न्हाय, दोरीच्या बाहेरच पाऊण तास उभे. जाताना ओरडले, "अरं, त्या सात नंबरला डावा पाय हाय का न्हाय? शिकव की!"
वीस दिवसांनी पहिलं बोलणं. लई बरं वाटलं. लगेच शिट्टी मारून सात नंबरला बोलावलं.
सानिका: "सर, तुमचे आबा कुणाच्या बाजूचे?"
म्हटलं, त्यांनाच इचार.

१४ फेब्रु., शनि.
उद्या फायनल. परत आपल्याच पेठेशी. सात नंबर आता डाव्यानं मारते. पोरी पेटल्यात, मला झोप येईल असं वाटत न्हाय.
आबा दर मॅचला तालमीचा मफलर गळ्यात घालतात. आज धुऊन दोरीवर टाकलाय. बायकोनं विचारलं, "उद्याला पायजे म्हणून धुतला व्हय?"
"उद्यापर्यंत वाळत न्हाय त्यो," म्हणाले आणि मांजराला दूध घालायला गेले.
मी हात लावून बघितला. खडखडीत वाळलाय. तसाच राहू दिला.