पोल्का आणि माझी चढती लय

८ सप्टें., रवि.
सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरत्या. पेटीवर अर्थात मी. शेवटच्या आरतीला लय अशी चढवली की कुलकर्णी काकूंच्या टाळ्या मागे पडल्या. "वंदना, जान आणलीस गं!" तरंगतच घरी.

दुपारी फोन. हायवेपलीकडच्या चेक लोकांच्या हॉलमध्ये बँड चालवणारा अर्नी. मागच्या महिन्यात तिथे जर्दाळूचे बन खायला थांबलो होतो. पोल्का, म्हणजे त्यांचा जोडीने नाचायचा उडता ठेका, वाजत होता, मी बोलून गेले की नागपूरला कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचे. म्हाताऱ्याने बरोब्बर लक्षात ठेवलं. त्याचा खांदा गेलाय, डॉक्टरने ॲकॉर्डियन बंद केलं. ऑक्टोबरच्या मोठ्या डान्सपर्यंत वाजवणारं कुणी मिळालं नाही तर हॉलची कमिटी डीजे आणणार आणि बँड बंद. "शनिवारी ये, वाजवून दाखव."

मला ही जागा हवी आहे. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर 'सहज गेले होते' म्हणायची सोय नको.

१४ सप्टें., शनि.
फजिती. मोठी.

ॲकॉर्डियन अर्नीचंच. गळ्यात अडकवलं तर कडेवर तीन वर्षांचं पोर घेतल्यासारखं. पहिला पोल्का बरा सुरू झाला. मग हात गरम झाले, अंगात आलं, लय चढवत नेली. ड्रमवाला डेल बिचारा मागे धावतोय. शेवटी झोकात तिहाई घेऊन थांबले. टाळ्या! मी मान लववून नमस्कार वगैरे केला. मग समोर बघितलं, तर फ्लोअर रिकामा. सगळे खुर्च्यांत. एक आजोबा टोपीने वारा घेतायत.

अर्नी म्हणाला, "टाळ्या खुर्च्यांमधून आल्या, यंग लेडी. नाचणाऱ्यांचे हात रिकामे नसतात."

कान लाल. आणि राग याचा की त्याचं खरं आहे. ॲकॉर्डियन घरी ने, पुढच्या शनिवारी ये म्हणाला, पण आवाजात आशा नव्हती, नाइलाज होता.

१६ सप्टें., सोम.
ऑफिसची मीटिंग. टेबलाखाली डाव्या हाताची बोटं चालू. पेटीला डावा हात भात्यावर असतो, निवांत. इथे त्यानेच ठेका धरायचा.

विचार करतेय. भजनाला लय चढते तेव्हा आपली माणसं मांडी घालून बसलेली असतात. बसलेल्याला काय, कितीही द्रुत चालतं. इथे लय पायांना द्यायची, आणि ते पाय सत्तरी-ऐंशीचे! हे मला त्या स्टेजवर सुचलं असतं तर.

१९ सप्टें., गुरु.
ठेक्याची टिकटिक करणारा मेट्रोनोम लावला की शहाणी, बंद केला की घोडं उधळलंच. इरा आली होती. पोरीने पर्ससुद्धा ठेवली नव्हती. "आई, यू आर रशिंग अगेन." मग म्हणे, "डोन्ट लुक ॲट द कीज. लुक ॲट बाबा."

म्हणून अविनाशला गॅरेजमध्ये चालायला लावलं. "अगं, मला काय घाण्याला जुंपलंय का?" कुरकुरला, पण चालला. त्याचा डावा गुडघा धरतो, पाऊल जरा उशिरा पडतं. आणि माझा डावा हात त्या पावलासाठी आपोआप थांबला! नवऱ्याकडे इतकं टक लावून गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नसेल. त्यालाही ते कळलं असावं, कारण गाडी काढून स्वतःहून जागा मोठी करून दिली.

२१ सप्टें., शनि.
वॉल्ट्झ सुरेख. दादऱ्याचीच चुलत बहीण, फक्त झोका वेगळा. पोल्का मधेच एकदा निसटला, पण पायांकडे बघून आवरला. फ्लोअरवर लोक टिकले.

अर्नी : "बेटर."

घरी येताना गात आले. अवि म्हणतो, एका शब्दाला एवढं? हो, एवढं.

५ ऑक्टो., शनि.
कुलकर्णी काकूंचा फोन. मंडळाची कोजागिरी १९लाच, डान्सच्या दिवशी. नेमकी.
"काकू, यंदा मी नाही."
"अगं, मग पेटीला कोण? त्या गोऱ्यांच्या नाचासाठी?"
"हो."
"बरं" म्हणून काकूंनी फोन ठेवला. मला वाईट वाटायला हवं होतं. फारसं वाटलं नाही. अर्नीने आज डान्सची सगळी गाणी मलाच दिली.

२० ऑक्टो., रवि.
काल. कसं लिहू. हात अजून दुखतोय.

हॉल गच्च. मी फक्त बूट बघत होते. काउबॉय बूट, म्हाताऱ्यांचे पांढरे स्नीकर्स, एका बाईच्या लाल टाचा. तिसऱ्या पोल्काला अंगात यायला लागलं. तोच तो मोह, चढव, चढव. दात आवळून लय धरली. डेलने हसून मान हलवली. गाणं संपलं. एकही टाळी नाही! सगळ्या जोड्या हातात हात धरून तशाच उभ्या, माझ्याकडे बघत, पुढचं लवकर सुरू कर म्हणून. जिंकले. आयुष्यात एवढं मोठं यश मला मिळालेलं नाही, प्रमोशन धरून.

अर्नी स्टेजखाली खुर्ची टाकून बसला होता, परीक्षकासारखा. वॉल्ट्झच्या मध्यावर बघते तर खुर्ची रिकामी. उठून गेला म्हणजे काहीतरी चुकलं. नजर फिरवली तर फ्लोअरवर तो आणि रोझी, त्याची बायको. त्याचा हात वर जात नाही, म्हणून तिने तो कमरेपाशीच धरलेला. वॉल्ट्झ संपत आला, डेलने 'थांबायचं?' म्हणून भुवया उडवल्या. मी नाही म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून. मग आणखी एकदा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

नंतर किचनमध्ये रोझी बनचे ट्रे आवरताना म्हणाली, "लग्न झाल्यापासून हा कायम स्टेजवर. आय ऑलवेज डान्स्ड विथ माय सिस्टर."

२२ ऑक्टो., मंगळ.
अर्नीचा फोन. डीजे कॅन्सल. बँड चालू. पण त्याला आता बँड नको आहे, तो मी चालवायचा. कोणतं गाणं, कधी थांबायचं, सगळं मी. दर शनिवारी. म्हटलं, मी परवा-परवा आलेली, डेल इतका जुना. तर म्हणे डेलनेच सुचवलं.

"विचार करून सांगते," म्हटलं.

मागून रोझीने फोन ओढून घेतला. "से येस, हनी. त्याने नाचायचे बूट घेतलेत."

२४ ऑक्टो., गुरु.
अजून कळवलेलं नाही. शनिवार गेले की मंडळ गेलं, इराचं येणं-जाणं गेलं, अविबरोबरची भटकंती गेली. त्याला विचारलं तर म्हणतो, "तू ठरव." म्हणजे माझ्यावरच.

सुरुवात वॉल्ट्झने करावी की पोल्काने?