बॉनेटवरचा हात

रविवार, संध्याकाळ

दसऱ्याला आईने बॉनेटवर तेलकुंकवाचा हात उमटवला. सारंगखेड्याला, तिच्या माहेरी, घोड्याला असाच लावतात. माझी बायको नीता ही गाडी घेऊन तोरणमाळचा घाट चढते. तिथे शाळेत तिला विचारतात, "मॅडम, घोडा कुठे बांधला?" म्हणून ती मला म्हणाली, पुसून टाक.

आज गाडी धुतली. लाली गेली, डाग राहिला. मग बोटाला फडकं गुंडाळून फक्त डागावर पॉलिश घासलं, आईचं एकेक बोट धरून. तिथेच चुकलं का? सगळं बॉनेट घासायला हवं होतं? आता जुन्या, मळकट रंगात तेवढा हात चमकतो.

आईने वाकून पाहिलं.

"पुसाले बठना व्हता का रे? सूनले घाट चढना पडस, तिन्हाकरता लायेल व्हता."

"हो."

"मंग हाई काय शे?"

मी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं.

नीता म्हणते, उद्या सगळं बॉनेट घास, म्हणजे दिसणार नाही. पॉलिश उरलं आहे. पण मघाशी अंगणात कोणी नाही असं पाहून तिनेच त्या चमकत्या हातावर आपला हात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही. मग घासू का?